पाणी पाजणे : पुण्य की कर्तव्य?



मागील उन्हाळ्यात आपल्या चर्चच्या आवारात भिंतीचे काम चालू होते. एका दुपारी आम्ही बाहेर आलो, तेव्हा कामावरची एक बाई सिमेंट कालवण्यासाठी भरून ठेवलेल्या ड्रममधले पाणी तांब्याने पीत होती. आम्ही हटकले, तर ती हसून म्हणाली, "सवय हाय फादर, आमाला काई व्हत न्हाई." दहा पावलांवर आमच्या खोलीत फिल्टरचे पाणी होते. आठ दिवस काम चालले होते आणि ही माणसे काय पितात, हा प्रश्न आम्हाला एकदाही पडला नव्हता.

आपल्याकडे पाणी पाजणे हे पुण्याचे काम मानतात. चैत्र लागला की रस्त्याकडेला पाणपोई उभी राहते. पण पाणपोई असते वाटसरूसाठी. त्याचे आपण काही देणे लागत नाही, म्हणून ते पुण्य. जो दिवसभर आपल्या कामावर घाम गाळतो, त्याचे मात्र आपण देणे लागतो. ज्याचे जे आहे ते त्याला देण्याची स्थिर इच्छा म्हणजे न्याय, असे संत थॉमस अक्वायनस यांनी सांगितले. मजुरी कोणी दान म्हणून देत नाही. मग कामावरचे पाणी तरी दान कसे ठरेल?

कायद्यानेही हे फार पूर्वी ओळखले. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या १८ व्या कलमात पिण्याच्या पाण्याची जागा कामगारांना समजेल अशा भाषेत लिहून दाखवावी, ती मुतारी-संडासापासून किमान ६ मीटर दूर असावी, आणि अडीचशेहून अधिक कामगार असतील तर उन्हाळ्यात पाणी गार करून द्यावे, असे म्हटले होते. त्या कायद्याची जागा घेणारी २०२० ची कामगार सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यातही पिण्यायोग्य पाण्याची तरतूद आहे.

पण "पाणी दिले" एवढ्याने कर्तव्य संपते का? १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर पटकीची साथ आली. तेथील एली बंधूंच्या कारखान्यात सुमारे दोनशे कामगार होते. त्यांच्यासाठी मालक रस्त्यावरच्या पंपाचे पाणी दोन पिंपांत नेहमी भरून ठेवीत. तेच पाणी ते दूर राहणाऱ्या आपल्या आईलाही पाठवीत, कारण तिला त्याची चव आवडे. त्या साथीत अठरा कामगार दगावले आणि आईही दगावली. डॉ. जॉन स्नो यांनी हा माग काढला. मालकांची माया खोटी नव्हती. पाणी दूषित होते.

एली बंधूंना दोष देता येत नाही. पाण्यातून पटकी पसरते हे तेव्हा जगाला ठाऊक नव्हते. नीतिशास्त्र अज्ञानाचे दोन प्रकार मानते : दूर करता न येणारे आणि दूर करता येण्यासारखे. पहिले क्षम्य, दुसरे नाही. आज आपले अज्ञान दुसऱ्या प्रकारचे आहे. गार जार आणून ठेवला म्हणजे पाणी शुद्ध झाले, असे नव्हे. क्लोरिनने जंतू मरतात, पण फ्लोराइड जात नाही. ते उकळूनही जात नाही. शेजारच्या यवतमाळ आणि नांदेड जिल्ह्यांतील काही गावांत बोअरच्या स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यानेच दात आणि हाडे खराब केली. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या पुढे फ्लोराइड असेल तर ते पाणी पिण्याचे नव्हे. हे डोळ्यांना दिसत नाही, तपासावेच लागते. आपल्या औंढा तालुक्यात अणूच्या गाभ्याहून सूक्ष्म हालचाल मोजणाऱ्या लायगो वेधशाळेला २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. अशा तालुक्यात बोअरचे पाणी न तपासता राहावे, हे शोभत नाही.

कोणी म्हणेल, "फादर, आम्ही लहान शेतकरी. खुरपणीच्या बायकांना देतो तेच पाणी आम्हीही पितो." हे बोलणे प्रामाणिक आहे. मालकाला बाटली आणि मजुराला टाकी, यापेक्षा ते कितीतरी बरे. पण दोघांनी मिळून दूषित पाणी प्यायल्याने ते शुद्ध होत नाही. आणि मजुराला "मला हे नको" असे म्हणण्याची मुभा मालकाइतकी नसते. त्या बाईचे "सवय हाय" ही संमती नव्हती. दुसरे पाणी मागायचे नसते, एवढेच ती शिकली होती.

म्हणून एवढे करू या. बोअरचे पाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासून घेऊ. टाकी धुतल्याची तारीख तिच्यावरच लिहू. कामावर झाकणाचे, तोटीचे भांडे आणि सर्वांना एकसारखे पेले ठेवू. सुरुवात आपल्या चर्चच्या आवारापासून होईल. ती जबाबदारी आमची.

प्रभू येशू भर दुपारी थकून विहिरीवर बसला आणि त्याने एका परक्या स्त्रीकडे पाणी मागितले. आपल्या कामावरची माणसे मागत नाहीत. त्यांनी मागण्याची वाट आपण पाहू नये.