साठीशांत आणि मनःशांती

मराठीत ‘शांत’ हा शब्द विशेषण म्हणून जितका वापरला जातो तितकाच नाम म्हणूनही वापरला जातो, आणि या दोन उपयोगांमधले अंतर वरवर दिसते त्यापेक्षा बरेच मोठे आहे. मूळ किंवा आश्लेषा नक्षत्रावर मूल जन्मले की त्याची शांत करतात, नव्या घरात राहायला जाताना वास्तुशांत होते, मंगलकार्याच्या निमित्ताने उदकशांत होते आणि वयाची साठ वर्षे पूर्ण झाली की साठीशांत, जिला शास्त्रात उग्ररथशांती असे भारदस्त नाव आहे. या सर्व विधींमागचे गृहीत एकच असते: काहीतरी क्षुब्ध झाले आहे किंवा होण्याचा संभव आहे, ते माणसाच्या बाहेर आहे, आणि मंत्र, आहुती व दान यांनी त्याला निववता येते. ‘मनःशांती’ या शब्दात मात्र क्षुब्ध झालेला आणि निवायचा असलेला एकच असतो. पहिल्या कल्पनेपासून दुसरीपर्यंत यायला भारतीय विचाराला अनेक शतके लागली, आणि तो प्रवास पुरा झाला असे आजही म्हणता येत नाही.

‘शम्’ या धातूचा अर्थ थांबणे, निवणे, विझणे असा आहे. वैदिक वाङ्मयात त्याचा रोख मुख्यतः बाहेरच्या शक्तींकडे असून, अनिष्ट टाळण्यासाठी केलेल्या शांतिकर्मांचा संबंध विशेषेकरून अथर्ववेदाशी जोडला जातो. पशुयागात पशूला मारणाऱ्या ऋत्विजाला ‘शमिता’, म्हणजे शांत करणारा, म्हणत, ही गोष्ट आज कानाला विचित्र लागते. पण ‘आजोबा शांत झाले’ असे म्हणणाऱ्या आणि देवापुढचा दिवा ‘विझला’ न म्हणता ‘शांत झाला’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला तिचे फारसे नवल वाटू नये. शांतिपाठाच्या शेवटी ‘शांतिः’ तीनदा म्हणण्याचे परंपरेने दिलेले कारणही लक्षात घेण्याजोगे आहे. दैवी शक्तींपासून होणारा आधिदैविक ताप, इतर प्राण्यांपासून होणारा आधिभौतिक ताप आणि स्वतःच्या देहमनातून उठणारा आध्यात्मिक ताप, अशा तीन तापांचे शमन त्यात मागितलेले असते. बाहेरच्या दोन तापांच्या जोडीला आतला तिसरा येऊन बसला, तिथे या कल्पनेला पहिले वळण मिळाले.

उपनिषदांनी त्या तिसऱ्यालाच मध्यभागी आणले. बृहदारण्यकात आत्मज्ञानाच्या साधकाचे वर्णन शांत, दान्त, उपरत, तितिक्षू आणि समाहित अशा विशेषणांनी केलेले आहे, आणि पुढच्या वेदान्ताने त्यांत श्रद्धा मिळवून ‘शमादिषट्क’ सिद्ध केले. शम म्हणजे मनाचा निग्रह, दम म्हणजे इंद्रियांचा, उपरती म्हणजे विषयांपासून मागे वळणे, तितिक्षा म्हणजे तक्रार न करता सोसणे, आणि समाधान म्हणजे चित्ताची एकाग्रता. यांतले दोन शब्द मराठीत येताना कसे बदलले ते पाहण्यासारखे आहे. ‘उपरती’ मराठीत चूक उमगल्यानंतरच, बहुधा उशिराच, होते. आणि ‘समाधान’ ही एकाग्रता न राहता पोटभर जेवलेल्या माणसालाही लाभणारी गोष्ट झाली. शब्दांची ही घसरण म्हणता येईल, पण तत्त्वज्ञान घराघरात शिरले की असेच होत असावे.

बुद्धाने याच प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने पाहिले. ‘निर्वाण’ या शब्दातही विझणेच आहे. मात्र इथे विझतो तो लोभ, द्वेष आणि मोह यांचा अग्नी, आणि तो विझतो इंधन मिळेनासे झाल्यामुळे, कोणी फुंकर घातल्यामुळे नव्हे. शांती ही मिळवण्याची वस्तू नसून अशांतीला खाद्य पुरवणे थांबल्यावर उरणारी स्थिती आहे, हा या विचारातला महत्त्वाचा भाग होय. पतंजलींनी योगसूत्रांच्या आरंभीच योगाची व्याख्या चित्तवृत्तींचा निरोध अशी केली आणि वृत्ती पाच मानल्या: प्रमाण, विपर्यय, विकल्प, निद्रा आणि स्मृती. खरे ज्ञान देणारे प्रमाणही त्यांनी वृत्तींतच धरले, म्हणजे बरोबर विचार करणारे मनसुद्धा त्यांच्या लेखी अजून शांत झालेले नाही. निरोधाची भाषा कठोर असली, तरी चित्त प्रसन्न करण्याचा त्यांनी सांगितलेला एक उपाय पूर्णपणे लोकव्यवहारातला आहे. सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यवंताविषयी मुदिता, म्हणजे आनंद, आणि पापी माणसाविषयी उपेक्षा, असा तो उपाय आहे. आसनावर डोळे मिटून बसलेल्या योग्याला आधी शेजाऱ्याच्या सुखाचा प्रश्न सोडवावा लागतो, हे योगाच्या आजच्या प्रचारात फारसे सांगितले जात नाही.

साहित्यशास्त्रात हाच वाद निराळ्या रूपाने झाला. भरताच्या नाट्यशास्त्रातले मूळ रस आठ. शांत हा नववा रस मानावा की नाही यावर पुढे बरीच चर्चा झाली, कारण जिथे सर्व क्रिया थांबतात ते रंगमंचावर दाखवायचे कसे, अशी रास्त शंका घेतली गेली. आनंदवर्धनांनी महाभारताचा प्रधान रस शांत हाच ठरवला आणि अभिनवगुप्तांनी शांताचा स्थायिभाव आत्मज्ञान मानून त्याला सर्व रसांच्या मुळाशी नेले. काश्मिरातल्या या चर्चेनंतर दोनतीन शतकांतच, शके 1212 म्हणजे इ.स. 1290 मध्ये, नेवाशाला सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत शांतरस शृंगाराहून वरचढ ठरेल अशी प्रतिज्ञा मराठीतून केली गेली. अकराव्या अध्यायात विश्वरूपदर्शनाचा अद्भुत येतो, तोही शांताच्या घरी आलेला पाहुणा म्हणून. पाहुणा कितीही थोर असला तरी घर कोणाचे, हे या उपमेने ठरवून टाकले.

ज्ञानेश्वरांनी शांतीची स्वतंत्र व्याख्या केली ती सोळाव्या अध्यायात, दैवी संपत्तीच्या विवेचनात. जाणणारा, जाणण्याची वस्तू आणि जाणणे यांना मिळून ‘त्रिपुटी’ म्हणतात; ज्ञेय गिळून ज्ञाता ज्ञानासह मावळतो तेव्हा जे उरते ती शांती, असे ते सांगतात. ही व्याख्या अद्वैताच्या शिखरावरची आहे. पण गीतेच्या मूळ श्लोकातला शब्दक्रम पाहिला तर तिला दुसरी बाजू दिसते. तिथे शांतीच्या आधी अहिंसा, सत्य, अक्रोध आणि त्याग आहेत, आणि तिच्या लगेच पाठोपाठ ‘अपैशुन’, म्हणजे चहाडी न करणे. ज्ञाता-ज्ञेय मावळण्याच्या अवस्थेशेजारी कोणाच्या पाठीमागे वाईट न बोलण्याचा नियम बसवताना गीताकाराला त्यात काही विसंगत वाटलेले दिसत नाही. शांती ही एकाच वेळी परमार्थातली अंतिम अवस्था आणि ओसरीवरची साधी सभ्यता आहे, हा विचार पुढे मराठी संतांनी जितका आपलासा केला तितका क्वचितच कोणी केला असेल.

मुक्ताबाईंच्या नावावर असलेले ताटीचे अभंग याची साक्ष देतात. लोकांच्या वागण्याने व्यथित होऊन ज्ञानदेव दार लावून आत बसले आणि धाकट्या बहिणीने बाहेरून त्यांची समजूत काढली, असा परंपरेने सांगितलेला प्रसंग त्यांच्यामागे आहे. ताटी म्हणजे झोपडीचे झापाचे किंवा कुडाचे दार. दार लावून मिळणारा निवांतपणा आणि शांती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, इतका गहन मुद्दा तत्त्वचर्चेच्या परिभाषेत न मांडता घरातल्या बोलीत मांडला गेला, हे त्या अभंगांचे वैशिष्ट्य होय.

एकनाथांना (1533–1599) महाराष्ट्राने ‘शांतिब्रह्म’ म्हटले, आणि त्याचे कारण म्हणून गोदावरीवरून स्नान करून येताना त्यांच्या अंगावर पुन्हा पुन्हा थुंकणाऱ्या माणसाची गोष्ट सांगितली जाते. ती एकशे आठ वेळा घडली आणि नाथ तितक्याच वेळा नदीवर गेले. आख्यायिका म्हणून तिचे मोल काहीही असो, नाथांच्या ग्रंथात तिची वैचारिक बाजू फार विस्ताराने आलेली आहे. काशीत 1573 मध्ये पूर्ण झालेले एकनाथी भागवत ही भागवताच्या अकराव्या स्कंधावरची टीका असून, तिच्या तेविसाव्या अध्यायात भिक्षुगीता येते. दुर्जनांनी केलेला अपमान सोसायचा कसा, या उद्धवाच्या प्रश्नाला उत्तर म्हणून श्रीकृष्ण अवंतीच्या एका कृपण ब्राह्मणाची कथा सांगतात. त्याचे सारे धन गेले, आप्तांनी पाठ फिरवली, तो भिक्षू झाला, आणि मग गावोगावचे लोक त्याचा दंड-कमंडलू हिसकावू लागले, त्याच्यावर थुंकू लागले. पैठणच्या घाटावरची गोष्ट या अध्यायाच्या साच्यातूनच निघाली असावी असे वाटण्याइतके दोन्हींत साम्य आहे.

या भिक्षूचे वेगळेपण असे की तो केवळ सोसत नाही, तर आपल्या दुःखाचे कारण कोणते याची रीतसर चौकशी करतो. लोक, देवता, आत्मा, ग्रह, कर्म आणि काळ असे सहा आरोपी तो उभे करतो आणि एकेकाला निर्दोष सोडतो. लोक कारण म्हणावेत, तर मारणारा आणि मार खाणारा असे दोन्ही देह मातीचेच. आपल्याच दातांखाली आपली जीभ सापडली तर रागवायचे कोणावर? ग्रह कारण म्हणावेत, तर ग्रहांची सत्ता जन्माला येणाऱ्या देहापुरती, आणि आत्मा तर जन्मलेलाच नाही. शेवटी उरते मन. संसाराचे चाक तेच फिरवते. इथे बाहेरच्या शक्ती निववण्याची जुनी कल्पना वगळली गेली नाही. तिला नावानिशी हजर करून, तपासून, मग बाजूला ठेवले गेले. आत्मबोध म्हणजे स्वतःविषयी चांगले वाटणे अशी जी समजूत आज रूढ होत आहे तिच्याहून ही चौकशी फार वेगळी आहे, कारण तिच्यात चौकशी करणाऱ्यालाही सूट नाही.

रामदासांनी 205 श्लोकांत मनालाच समोर बसवले, आणि त्याला दटावण्याआधी सज्जन म्हणून हाक मारली, ही मोठी युक्ती होती. तुकोबांच्या गाथेत शांतीइतकीच अशांतीची कबुली आहे, आणि ती कबुली हाच तिचा विश्वसनीयपणा आहे.

विसाव्या शतकात हा विचार तुरुंगांतून पुढे गेला. मंडालेत लिहिलेल्या आणि 1915 मध्ये प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात टिळकांनी, ज्ञान झाल्यावर कर्म सोडावे लागते हे मत खोडून काढले. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी दिलेली आणि साने गुरुजींनी उतरून घेतलेली गीता-प्रवचने त्याच वाटेने जातात. पण विनोबांचे लक्ष कर्माच्या ओझ्याकडे अधिक आहे. बाहेरच्या कर्माला आतून मनाची जोड मिळाली की त्या जोडीला ते ‘विकर्म’ म्हणतात, आणि कर्मात विकर्म मिसळले की कर्म करूनही त्याचा भार वाटेनासा होतो, ते ‘अकर्म’. तुरुंगात एकांत सक्तीचा असतो, त्यामुळे एकांतालाच शांती समजण्याची चूक तिथे होत नसावी.

मुंबईच्या खेतवाडीतले निसर्गदत्त महाराज (1897–1981) यांनी प्रश्न आणखी मागे नेला. ‘मी अमुक आहे’ असे म्हणण्याच्या आधी जी नुसती ‘मी आहे’ ही जाणीव असते तिच्याशी राहावे, असा गुरू सिद्धरामेश्वर महाराजांचा उपदेश त्यांनी पाळला. अशांत कोण झाले, याचा शोध त्या जाणिवेशी येऊन थांबतो, कारण जो दुखावला तो नेहमी ‘अमुक’ असलेला असतो. गुरूंच्या निधनानंतर ते घर सोडून हिमालयाकडे निघाले होते, पण परतले आणि संसारात राहूनच घराच्या पोटमाळ्यावर मराठीतून बोलत राहिले. मॉरिस फ्रीडमन यांनी केलेला त्या संवादांचा इंग्रजी अनुवाद ‘आय अ‍ॅम दॅट’ या नावाने 1973 मध्ये निघाल्यावर परदेशी जिज्ञासू त्या गल्लीत येऊ लागले. महाराजांचा व्यवसाय विड्यांच्या दुकानाचा होता.

ब्रह्मदेशातून 1969 मध्ये भारतात आलेल्या सत्यनारायण गोयंका यांच्यामुळे इगतपुरीच्या धम्मगिरीवर 1976 पासून विपश्यनेची शिबिरे होऊ लागली. दहा दिवसांच्या त्या शिबिरातले मौन दहाव्या दिवशी मंगल मैत्रीच्या भावनेबरोबर सुटते आणि साधक पुन्हा एकमेकांशी बोलू लागतात. ही रचना जुन्या विचाराशी इमान राखणारी आहे. उलट ‘मनःशांती’च्या नावाने आज जे बरेच काही विकले जाते त्यात शांती ही ताणावरची गोळी असते, गिऱ्हाईक तिच्यासाठी पैसे मोजते आणि त्याच्या दुःखाचा आरोपी पूर्वीसारखाच बाहेर, म्हणजे नोकरीत, नातेवाइकांत किंवा शहरात, सापडतो; फक्त ग्रहांची नावे बदललेली असतात. त्या मानाने साठीशांत अधिक प्रामाणिक म्हणावी लागेल, कारण ती बाहेरच्याला बाहेरचे म्हणूनच संबोधते, आणि शेवटी आप्तांना एका पंगतीत बसवते. ज्या घरात ती ठरली असेल, तिथे आदल्या संध्याकाळी एकनाथी भागवताचा तेविसावा अध्याय मोठ्याने वाचायला हरकत नसावी. ग्रहांचा उल्लेख त्यातही आहे.