गाळातले धातू आणि पाण्याचे निकष

नदीच्या प्रदूषणाची चर्चा बहुधा पाण्यापाशी सुरू होते आणि पाण्यापाशीच थांबते. मैलापाणी किंवा साखर कारखान्यांची मळी यांच्यापुरते हे काहीसे चालून जाते, कारण सेंद्रिय घाण जिवाणू खातात आणि पुरेसे अंतर व प्राणवायू मिळाल्यास नदी पुढे बरीचशी सावरते. शिसे, कॅडमियम, पारा, क्रोमियम अशा जड धातूंना, म्हणजे अत्यल्प प्रमाणातही सजीवांना बाधणाऱ्या, जास्त घनतेच्या मूलद्रव्यांना, हा न्याय लागू पडत नाही. मूलद्रव्य कुजत नाही, ते केवळ जागा आणि रूप बदलते. नदीत आलेला धातू चिकणमातीच्या कणांना, सेंद्रिय द्रव्याला आणि लोह-मँगनीजच्या ऑक्साइडांना चिकटून त्यांच्यासह तळाशी बसतो. त्यामुळे काही अंतर खाली घेतलेला पाण्याचा नमुना निर्दोष ठरतो आणि विषाचा मुख्य साठा न मोजलेल्या गाळात राहतो. पुराने गाळ ढवळला, पाण्याची आम्लता वाढली किंवा प्राणवायूविना असलेला थर उघडा पडला, की त्यातला काही धातू पुन्हा पाण्यात उतरतो.

जपानमधील जिंझू नदीचा इतिहास या बाबतीत आजही सर्वांत बोलका आहे. गिफू प्रांताच्या डोंगरात कामिओका येथे मित्सुई कंपनीची जस्त व शिशाची खाण होती. जस्ताच्या खनिजात कॅडमियम अल्प प्रमाणात असतेच, आणि ते खनिज दळून धातू वेगळा काढताना उरणारे अतिबारीक कण उपनदीवाटे जिंझूत आणि तिथून पाटाच्या पाण्याने तोयामाच्या मैदानातील भातखाचरांत पोहोचत राहिले. भातातून पोटात गेलेल्या कॅडमियममुळे मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिका निकामी होतात, शरीरातील फॉस्फेट व कॅल्शियम लघवीवाटे निघून जाते आणि हाडे इतकी मऊ होतात, की नुसत्या खोकल्यानेही बरगडी मोडावी. या रोगाने मुख्यतः उतारवयाकडे झुकलेल्या, अनेक बाळंतपणे झालेल्या शेतकरी स्त्रियांना ग्रासले, आणि वेदनेने निघणाऱ्या त्यांच्या उद्गारांवरूनच त्याला 'इताई-इताई' हे नाव पडले.

त्याच भागात दवाखाना चालवणारे डॉ. नोबोरू हागिनो यांनी रुग्णांची घरे नकाशावर मांडली, तेव्हा ती जिंझूच्या पाण्यावर भिजणाऱ्या पट्ट्यातच आढळली, शेजारच्या नद्यांच्या पाण्यावरील गावांत नव्हेत. पुढे मातीच्या तपासणीत खाचरात पाटाचे पाणी जिथून शिरते त्या तोंडापाशी कॅडमियम अधिक आणि आत जावे तसे कमी, असे दिसून आले, कारण वेग मंदावताच गाळ तिथेच बसत होता. पाण्याच्या नमुन्याने जे कधी सांगितले नसते, ते खाचराच्या मातीने सांगितले. १९६८ मध्ये सरकारने या रोगाचे मूळ खाणीच्या कॅडमियममध्ये असल्याचे मान्य केले, आणि १९७१ व १९७२ च्या निकालांत न्यायालयांनी कंपनीला जबाबदार धरले. खाचरांची दूषित माती खाली गाडून वर स्वच्छ माती घालण्याचे काम मात्र १९७९ पासून २०१२ पर्यंत चालले, आणि तेही सुमारे ८६० हेक्टरांपुरते.

आपल्याकडे नदीचा पट्टा प्रदूषित ठरतो तो जैवरासायनिक प्राणवायू मागणीवरून, म्हणजे पाण्यातील सेंद्रिय द्रव्य कुजवताना जिवाणू किती प्राणवायू वापरतात यावरून. एक लिटर पाण्यात ही मागणी ३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक भरली, की तो पट्टा यादीत येतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालातील ३११ पट्ट्यांपैकी सर्वाधिक, म्हणजे ५५, महाराष्ट्रातले आहेत. काही ठिकाणी धातूही मोजले जातात, परंतु यादी ठरवणारी कसोटी ती नव्हे. ही केवळ अपुरेपणाची बाब नाही: विषारी धातूंनी नमुन्यातले जिवाणूच मारले, तर मागणी कमी भरते आणि अधिक विषारी पाणी अधिक चांगले दिसू शकते. रासायनिक वसाहतींच्या खालच्या अंगाला असलेल्या नद्यांसाठी एवढ्याच कसोटीवर विसंबणे धोक्याचे आहे.

महाराष्ट्रात २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेतून तलावांतला गाळ शेतात पसरवला जातो. दुष्काळी भागातील, कारखान्यांपासून दूर असलेल्या तलावांसाठी ती उपकारक आहे आणि शेतकऱ्यांना तिचे मोल ठाऊक आहे. परंतु ज्या जलाशयात किंवा नदीपात्रात वरच्या अंगाचे औद्योगिक सांडपाणी येते, तिथला गाळ धातूंसाठी तपासल्यावाचून शेतात जाता कामा नये. जिंझूने जे नकळत केले, ते इथे डंपर भरून होईल, आणि भाताच्या रोपाला कॅडमियम कुठल्या वाटेने आले याचे सोयरसुतक नसते.

तपासणी कोणी करायची, हा प्रश्नही जिंझूच्या लोकांनीच सर्वांत नीट सोडवला. निकालानंतर १९७२ मध्ये त्यांनी कंपनीशी करार केला, आणि त्यानुसार रहिवाशांना शास्त्रज्ञांसह केव्हाही खाणीच्या आवारात शिरून पाहणी करता येते आणि तिचा खर्च कंपनी उचलते. २००१ मध्ये खाणकाम थांबले, तरी दरवर्षीच्या पाहण्या चालूच राहिल्या, आणि नदीतील कॅडमियम नैसर्गिक पातळीच्या आसपास उतरले. औद्योगिक वसाहतींच्या सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रांपाशी, जिथे नळ नदीला मिळतो तिथला गाळ काढून बघण्याचा असा हक्क खालच्या अंगाच्या ग्रामपंचायतींना कायद्याने मिळाला पाहिजे, आणि त्या चाचणीचे पैसे पाणी सोडणाऱ्यांनी भरले पाहिजेत.