झारीशेजारचा मग

आमच्या गच्चीवरून चवदार तळं चालत पाच मिनिटांवर. निवृत्तीनंतर माणसाला एखादं खूळ लागतंच. मला बागेचं लागलं.

महाडात गच्चीवर बाग करायची तर आधी वजनाचा हिशोब करावा लागतो. 24 ऑगस्ट 2020 ला काजळपुऱ्यात पाच मजली इमारत कोसळली, 16 माणसं गेली. तेव्हापासून मी स्लॅबवर वीट ठेवतानाही दोनदा विचार करतो. ओळखीच्या इंजिनिअरने सांगितलं, वावरायच्या गच्चीवर चौरस मीटरला साधारण 150 किलोचा भार धरलेला असतो, आणि ओली माती घनफुटाला 45-50 किलो भरते. म्हणून निम्मी माती कमी करून नारळाचा भुसा, भाताचं तूस आणि कुजलेला पाला घातला. जड कुंड्या बीमच्या रेषेवर मांडल्या. प्रत्येक कुंडीखाली विटांचे तुकडे, तळाच्या भोकावर खापरी, नाहीतर आपल्या पावसात मुळं आठवड्यात कुजतात. कुंडीत वरून पांढऱ्या गोट्यांचा थर दिला. तो नुसता शोभेचा नाही. पावसाच्या माऱ्याने माती उसळून भिंत रंगते, तेही थांबतं. कडेला जांभ्याचे चार चिरे बसायला. मोगरा, सोनटक्का, अनंत, तुळस, एक कढीपत्ता. अबोलीला जागाच उरली नाही, याचं दुःख अजून आहे.

हे सगळं तीन जिने वर नेलं पोलादपूरकडच्या दोन गड्यांनी. मे महिन्याची दुपार. चिरे पाठीवर घेऊन ते चढत होते आणि मी सावलीत उभा राहून "सांभाळून रे, कोपरा तुटेल" म्हणत होतो. कोपऱ्याची काळजी होती, पाठीची नव्हती. तासाभराने त्यातला मोठा म्हणाला, "काका, पाणी मिळंल का?" मी गच्चीच्या नळाकडे हात केला. नळाखाली झारीशेजारी हिरवा प्लास्टिकचा मग पडला होता, कुंड्यांत खत कालवायचा. त्याने तो दोनदा विसळला आणि दोघं प्यायले. खाली, बारा पायऱ्यांवर, माझ्या घरात माठ होता. त्यावर पितळी ओगराळं होतं.

मला त्या क्षणी काहीच वाटलं नाही, हे कबूल केलं पाहिजे. संध्याकाळी कठड्याला टेकलो, तळ्याच्या बाजूचे दिवे लागत होते, तेव्हा वाटलं.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात 1923 साली मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेने पुढच्या वर्षी ठराव करून चवदार तळं सर्वांना खुलं केलं, कागदावर. गुरं तिथे पाणी पीतच होती. माणसांना मात्र 20 मार्च 1927 उजाडावा लागला. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळ भरली ती नगरपालिकेच्या ठरावानंतर तीन वर्षांनी. त्या वेळी महाडात भरलेल्या परिषदेला जमलेल्यांसाठी पाणी 40 रुपये मोजून विकत घ्यावं लागलं होतं, तेही भरलेल्या तळ्याच्या गावात. नंतर तळं 'शुद्ध' करायला 108 मडकी शेण, गोमूत्र, दूध-दही ओतलं गेलं, आणि तळ्याच्या दाव्यात कोर्टाचा अंतिम निकाल लागायला 17 मार्च 1937 उजाडला.

माझ्या मगाची त्या मडक्यांशी बरोबरी करणं हा आगाऊपणा होईल. मी कुणाला अडवलं नव्हतं. त्यांची जात मला ठाऊक नव्हती, अजूनही नाही. पण पाणी नाकारलं नाही एवढ्यावर खूश राहायचं तर नगरपालिकेच्या त्या ठरावाने तरी काय वाईट केलं होतं? माझा माठही कागदावर सर्वांना खुलाच होता. फक्त खाली होता.

पावसाआधी कुंड्या आडोशाला सरकवायला त्या दोघांना पुन्हा बोलावलं. या वेळी तांब्या-भांडं घेऊन मीच वर गेलो. बायको म्हणाली, आज काय विशेष? मी काही बोललो नाही. दोघांना चिऱ्यावर बसवलं, भांडं भरून पुढे केलं. मोठ्याने ते घेतलं, मान मागे टाकली आणि ओठांना न लावता, वरून धार सोडत प्यायला. एक थेंब खाली सांडू दिला नाही.

आमच्या घरातही सगळे वरूनच पितात. पण घाईत असलो की आम्ही भांडं सरळ तोंडाला लावतो. त्याने शेवटच्या घोटापर्यंत हात खाली आणला नाही. मग नळावर जाऊन भांडं विसळलं आणि कठड्यावर पालथं घातलं.