वाकू न शकणाऱ्याचा सजदा



आमच्या मशिदीत पहिल्या सफच्या टोकाला खुर्चीवर बसून नमाज अदा करणारे एक गृहस्थ आहेत. वय पन्नाशीच्या पुढे, आयुष्य पोती उचलण्यात गेलेले. कमरेचा एक मणका पुढे सरकून मज्जातंतूंवर दाब येत होता. चार पावले चालले की पाय बधिर होत. अखेर स्क्रू व सळया बसवून मणके स्थिर करण्याची शस्त्रक्रिया झाली. तिसऱ्या आठवड्यात ते मशिदीत आले. त्या वेळी इमाम या नात्याने माझ्या हातून जी चूक घडली, ती आधी सांगणे मला उचित वाटते.

असरनंतर त्यांनी विचारले, “मौलाना, डॉक्टर वाकू नका म्हणतात. पण जमिनीला कपाळ टेकल्याशिवाय नमाज झाल्यासारखी वाटत नाही. काय करू?” मी घाईत होतो. म्हणालो, “जेवढं जमेल तेवढं करा, अल्लाह हिंमत देईल.” वाक्य धार्मिक वाटावे असेच होते. त्यांनी त्याचा अर्थ घेतला तो असा, की दात-ओठ खाऊन जमवायचे. चार दिवस ते घरी जमिनीवर सजदा करीत राहिले. पाचव्या दिवशी त्यांच्या पत्नी मुलाला घेऊन माझ्या दारी आल्या आणि त्यांनी एवढेच विचारले, “तुम्ही यांना सजदा करायला सांगितलंत का?”

हजरत जाबिर (रजि.) यांनी कथन केलेला एक प्रसंग आपण ऐकला असेल. प्रवासात एका माणसाच्या डोक्याला दगड लागून जखम झाली. पुढे त्याला गुस्ल आवश्यक झाले, तेव्हा त्याने सोबत्यांना विचारले की मला तयम्मुमची सवलत आहे काय? पाणी उपलब्ध आहे, तेव्हा सवलत नाही, असे त्यांनी सांगितले. त्याने स्नान केले आणि तो मरण पावला. प्रेषित मुहम्मद (स.) यांना हे कळले तेव्हा ते अत्यंत संतप्त झाले. त्यांनी त्या मृत्यूची जबाबदारी सल्ला देणाऱ्यांवर टाकली आणि ठाऊक नसेल तर विचारणे हाच अज्ञानावरचा उपाय असल्याचे बजावले. ही हदीस मी मदरशात शिकलो होतो, परीक्षेत लिहिलीही होती. त्या संध्याकाळी मात्र ती मला आठवली नव्हती.

मग मी त्यांच्या मुलासोबत डॉक्टरांकडे गेलो. तेथे जे समजले ते मला नवे होते. स्क्रू मणके जोडीत नाहीत. ते मणक्यांना केवळ धरून ठेवतात. जोडते ते हाडच. मणक्यांच्या सांध्यात हाडाचे तुकडे भरतात आणि ते एकजीव होण्यास कित्येक महिने लागतात. तोवर सारा भार धातूवर असतो. तार वारंवार वाकवली की तुटते, तसे हाड जुळून येण्याआधी स्क्रू सैल होऊ शकतात, मोडूही शकतात. म्हणून पुढे वाकणे, ओझे उचलणे व कमरेत पीळ देणे वर्ज्य. कूस बदलतानाही खांदे व कंबर ओंडक्यासारखी एकदम वळवायची. तंबाखूही वर्ज्य, कारण निकोटीन हाड जुळू देत नाही. (मशेरी लावणाऱ्या आमच्या माताभगिनींनीही हे ऐकावे.) अमेरिकेत ह्यूस्टन येथे पॉल हॅरिंग्टन यांनी 1950च्या दशकात पोलिओने पाठ वाकडी झालेल्या मुलांसाठी धातूच्या सळया वापरल्या, तेव्हा त्यांनाही हाच धडा मिळाला. हाड जोडल्यावाचून नुसत्या सळया टिकेनात.

आता खरा प्रश्न. त्या गृहस्थांना सजदा ‘जमत’ होता. वेदना सोसण्याची त्यांची तयारी होती. मग ते असमर्थ कसे? आणि अल्लाहसाठी वेदना सोसणे हे पुण्यच नव्हे काय?

फकीहांनी असमर्थतेचा अर्थ ‘अशक्य’ एवढाच केलेला नाही. आजार वाढण्याचे किंवा बरे होण्यास विलंब लागण्याचे रास्त भय असेल, तर तेही असमर्थतेतच मोडते. हे भय स्वतःच्या अनुभवावरून किंवा जाणत्या वैद्याच्या सांगण्यावरून ठरते. शिवाय शरीर आपल्या मालकीचे नाही, ती अमानत आहे. दुसऱ्याची वस्तू मी मोठ्या धैर्याने मोडली म्हणून कोणी मला त्यागी म्हणणार नाही.

तरी मला वाटते, प्रश्न याहून खोल आहे. कपाळ जमिनीला टेकले की मनाला जे समाधान लाभते, ते आपले असते. ते लाभावे ही ओढ निर्मळ आहे. तिची कोणी थट्टा करू नये. पण सजद्याचा अर्थ आपली इच्छा खाली ठेवणे असा असेल, तर ज्याला वाकण्याची मनाई आहे त्याने ताठ बसून केवळ इशाऱ्याने झुकणे, यात इच्छेचा त्याग अधिकच आहे. प्रेषित (स.) स्वतः घोड्यावरून पडून त्यांच्या कुशीला दुखापत झाली, तेव्हा त्यांनी बसून नमाज अदा केली. ह. इमरान बिन हुसैन (रजि.) यांना आजारात त्यांनी सांगितले की उभ्याने, ते न झाल्यास बसून, तेही न झाल्यास कुशीवर. आणि निरोगीपणी माणूस जे करीत असे, ते आजारपणातही त्याच्या नावे लिहिले जाते, हेही हदीसमधून आपल्याला कळते. सवाबाचा प्रश्न त्यांनी मनातून काढून टाकावा.

पद्धतीबाबत थोडे. इशाऱ्याने नमाज अदा करताना सजद्यासाठी रुकूपेक्षा अधिक झुकावे. मणक्याच्या रुग्णाने मानेनेच हा फरक करावा. ज्याला उभे राहता येते पण सजदा करता येत नाही, त्याने हनफी मतानुसार बसून नमाज अदा केली तरी चालते. शाफई मतानुसार उभे राहणे त्याच्यावर कायम राहते. कोकणातील पाहुणा आपल्या मशिदीत खुर्चीपुढे उभा राहिलेला दिसला, तर त्याला टोकू नये.

आणि ज्यांचा गुडघा केवळ खुर्ची पाहून दुखू लागतो, त्यांनी या लेखाचा आधार घेऊ नये. सवलत गरजेपुरती असते; गरज संपली की तीही संपते.

त्या गृहस्थांची मी माफी मागितली. ते हसून म्हणाले, “मौलाना, तुम्ही नाही म्हणाला असतात, तर मी ऐकलं असतं.” चौथ्या महिन्याच्या एक्स-रेत हाड अजून भरलेले दिसले नाही. डॉक्टरांनी पुढची तारीख दिली आहे. जमिनीवरच्या सजद्याचे त्या दिवशी मीच डॉक्टरांना विचारावे, असे त्यांनी मला सांगून ठेवले आहे. मी सोबत जाणार आहे.