निमआराम

एसटीच्या गाडीला 'निमआराम' हे नाव देणारा गृहस्थ आमच्यासारखा कारकूनच असला पाहिजे. साहेबाने सरळ 'आराम' लिहिले असते. शिपायाने काहीच न लिहिता तो केला असता. 'निम' सुचायला कारकुनाचेच डोके लागते.

१९८२ साली दिल्लीत एशियाड झाले आणि त्यावरून लोक या गाडीला 'एशियाड' म्हणू लागले. पुढे तिची 'हिरकणी' झाली. खाली लाल गाडी होतीच. २०१७ साली वर गारेगार शिवशाही आली आणि ही बिचारी मधे सापडली. मग शहाणी माणसे विचारू लागली, "द्यायचा तर पुरता आराम द्या, नाहीतर साधी गाडी आहेच. मधली हवी कशाला?"

प्रश्न गाडीचा, पण लागतो मला. तीन भावांत मी मधला. बँकेत साहेब आणि शिपाई यांच्या मधला. बी. कॉम.लासुद्धा सेकंड क्लास!

कापड दुकानदाराला विचारा. तो आधी पाच हजारांची साडी पसरतो, मग सातशेची, आणि आपण घामाघूम झालो की दोन हजारांची हळूच पुढे सरकवतो. आपण सुटकेचा श्वास टाकून तीच घेतो. आवडली म्हणून नव्हे. वरची परवडत नाही आणि खालची घेतली तर लोक काय म्हणतील, म्हणून.

गेल्या हिवाळ्यात लातूरला थोरल्याकडे आईच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. तिला नांदेडला आणायला मी गेलो. स्टँडवर तिन्ही गाड्या होत्या. १७ मार्च २०२३ पासून बायकांना सगळ्याच गाड्यांत अर्धे तिकीट. म्हणजे आईपुरता फरकसुद्धा अर्धाच. तरी मी मनातल्या मनात जमाखर्च मांडला आणि निमआरामची दोन तिकिटे काढली.

चाकूर गेले. हिरवी पट्टी सावरत आई म्हणाली, "लाल गाडी काय वाईट होती रे? अन् पैसे घालायचेच होते तर गार गाडीत घालायचे. हे अर्धंमुर्धं कशाला करायलास?"

अहमदपूर येईपर्यंत मला उत्तर सुचले नाही. लोह्याजवळ एकदम बुद्धांचा मध्यम मार्ग आठवला आणि बरे वाटले. पण क्षणभरच. बुद्धांनी राजवाडा भोगला होता, उपासही काढले होते. दोन्ही टोके पाहून ते मधे आले. मी दोन्ही टोकांना भिऊन मधे बसलो होतो. त्यांचा तो मार्ग, माझी ती पळवाट.

गाडीचा काही दोष नाही हो. ज्याला गारव्यात मळमळते आणि सरळ पाठीच्या बाकावर ज्याची कंबर धरते, त्याच्यासाठी ती 'निम' नाहीच, पुरती आहे. तो तिच्यात निवडून बसतो. माझ्यासारखा हिशेबाने बसतो, तेव्हाच ती अर्धी होते.

आता दुसऱ्या डोळ्याचे ऑपरेशन आहे. या वेळी तिकिटाआधी आईलाच विचारायचे ठरवले आहे. ती 'लाल' म्हणाली तर लाल, 'गार' म्हणाली तर गार. पण ती जर म्हणाली, "तुला जमंल ती काढ," तर मात्र पंचाईत आहे.