फुलाच्या वाट्याचे पाणी

घर शृंगारणे हा माणसाचा फार जुना छंद आहे आणि त्याला नावे ठेवणाऱ्या मंडळींशी माझे फारसे जमत नाही. ज्याला आपल्या दारापुढचा चार हात तुकडा नीटनेटका ठेवावासा वाटत नाही, त्याने ग्रामसुधारणेवर व्याख्यान द्यावे हे मला पटत नाही. सारवलेले अंगण, ओटीच्या कडेला अबोलीची रांग, न्हाणीमागे कर्दळ आणि मध्ये तुळस, एवढे असले की कुडाच्या घरालाही घरपण येते. तेव्हा अंगणात फुले असावीत की नसावीत, हा माझा प्रश्नच नव्हे. ती कुणाच्या पाण्यावर असावीत, एवढाच माझा प्रश्न आहे.

हा प्रश्न दिवाळीत सुचणे कठीण. या दिवसांत आमच्या शहापूर-मुरबाडकडे मृगात फेकलेल्या झेंडूच्या बियांनी अंगणे पिवळी करून सोडलेली असतात आणि त्यासाठी कुणी एक तांब्याही ओतलेला नसतो. पण फाल्गुन सरतो आणि चित्र पालटते. वर्षाकाठी ऐंशी इंचांहून अधिक पाऊस झेलणारा हा मुलूख! उतार तीव्र, खाली काळा खडक. पडले ते पाणी थांबत नाही. जे थांबवले आहे ते आमच्यासाठी थांबवलेले नाही. तानसा १८९२ साली बांधून झाले, पुढे १९५७ साली वैतरणेवर मोडकसागर झाला, मग भातसा आली. मुंबईला रोज मिळणाऱ्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मे एकट्या भातसेचे असते. मलबार हिलवरचे हँगिंग गार्डन तर पाण्याच्या टाकीच्या छपरावरच वसलेले आहे. तिथली फुले पाहताना आमच्याकडच्या माणसाला ओळखीचे कुणी भेटल्यासारखे वाटले तर नवल नाही. आणि त्याच वेळी शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर बायका टँकरची वाट पाहत हंड्यांची रांग लावून बसलेल्या असतात.

मुरबाडच्या रस्त्याला आमचे एक स्नेही राहतात. त्यांना सगळे नाना म्हणतात. डोंबिवलीत नोकरी संपवून त्यांनी इकडे बंगला बांधला. या नव्या बंगल्यांना पडवी नसते, डेक असतो. पडवीत माणसे बसत, डेकवर कुंड्या बसतात. होळी झाली की नाना रोपवाटिकेतून टेम्पो भरून रोपे आणतात. गुलाब, झिनिया, बोगनवेल, शिवाय हिरवळीचे गालिचे गुंडाळून. हौस मोठी आणि हात सढळ. पाणी विकतच्या टँकरचे. मी एकदा विषय काढला तर म्हणाले, "गुरुजी, मी पैसे मोजतो. कुणाचे फुकट घेत नाही."

तुम्ही म्हणाल, बरोबरच आहे. मलाही क्षणभर तसेच वाटले. पण टँकर काही आकाशात भरत नाही. तो कुठल्यातरी विहिरीवर भरतो, आणि त्या विहिरीचा झरा सातबाऱ्याच्या रेघा पाळत नाही. पैसे मिळतात ते विहिरीच्या मालकाला. पाण्याची पातळी खाली जाते ती साऱ्या आळीची. मोजलेल्या पैशाने माल आपला होतो. तो घेण्याचा अधिकारही त्याच पैशात येतो का?

इथवर सारे सोपे आहे. पण नानांच्या बागेत काम करणारा माळी जवळच्याच पाड्यावरचा, ठाकूर समाजातला आहे. भाताची कापणी झाली की या भागात हाताला काम नसते. माणसे वीटभट्ट्यांवर जातात, मुलांच्या शाळा सुटतात. त्याची मुले माझ्या शाळेत टिकली आहेत ती नानांच्या हिरवळीमुळे, हे मला नाकारता येत नाही. आणि हाच माणूस दिवसभर नळी धरून गवत भिजवतो, तेव्हा त्याची बायको पहाटे दोनला विहिरीत उतरून वाटीवाटीने झिरपा भरून आणते. मी त्याला विचारले, तुला याचे काही वाटत नाही? तो म्हणाला, "झाड मरतं ना गुरुजी, नाही घातलं तर." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. मला तो हवा होता, असे आता वाटते.

त्याच्या घरी गेलो तेव्हा दारात मोगरा होता. चैत्रातला, कळ्यांनी लगडलेला. जेवणानंतरचे हात त्याच्यावरच धुवायचे आणि तांदळाचे धुवणही त्यालाच, असा त्या घरचा दंडक.

हा दंडक काही त्या एका घराचा नाही. आपल्या घरांत न्हाणीच्या पाटावर अळू, केळ, कर्दळ लावतात ती याच हिशेबाने. माणसाचे वापरून झाले की झाडाचे. अपवाद तुळशीचा. तिला सकाळी चांगल्या पाण्याचा तांब्या, वैशाखात वर गळतीचे भांडे. काही विद्वान तुळशीचे औषधी गुण सांगून या तांब्याचे समर्थन करतात. मला ते पटत नाही. उपयोगाचा विचार न करता एका झाडाला निर्मळ पाणी द्यावे, एवढी ऐपत गरिबालाही असावी, असे आपल्या आयाबायांना वाटले असेल. फक्त तांब्या एक. आणि बाकीच्या अंगणाची हौस? ती त्यांनी चैत्रांगण काढून भागवली. कमळे, वेली, हत्ती, गोपद्मे. कोरड्या रांगोळीची बाग, सड्याच्या शिंतोड्यावर उमललेली. रान तर त्याच महिन्यात माहुलीच्या पायथ्याशी पळस आणि पांगारा पेटवून, कुसुंबाला तांबडी पालवी देऊन मोकळे झालेले असते.

हे सारे मी नानांना सांगितले. माणूस हट्टी पण विचारी. या वर्षी त्यांनी मोरीचे आणि स्वयंपाकघराचे पाणी बागेकडे वळवले. टँकर निम्म्यावर आले. हिरवळ मात्र काढणार नाही म्हणाले, नातवंडे तिच्यावर लोळतात. "आणि ती काढली तर त्या माळ्याला काय सांगू, तुम्हीच सांगा." मला काही सांगता आले नाही.

गुढीपाडव्याला त्यांनी मला गुलाबाचे एक रोप दिले. ते मी आमच्या न्हाणीच्या पाटावर लावले. साबणाचे पाणी त्याला सोसले नाही; वैशाखात निम्मी पाने पिवळी पडून गळाली. पावसात बुंध्याशी एक धुमारा फुटला आहे. कलमाच्या खालून आलेला दिसतो, म्हणजे बहुधा रानगुलाबाचा.