रिपोर्ट आईचा, बातमी घराची

पेशीकडे डीएनए दुरुस्त करायच्या एकाहून जास्त वाटा असतात. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, मुख्य सर्व्हर पडला तर बॅकअप. बीआरसीए जीन निकामी झालेल्या कॅन्सरपेशीत एक वाट आधीच बंद असते. ओलापॅरिबसारखं औषध पार्प नावाच्या प्रथिनाची दुसरी वाटही अडवतं, आणि ती पेशी मरते. निरोगी पेशी पहिल्या वाटेवर तगते. २००५ मध्ये दोन संशोधक गटांनी हे प्रयोगशाळेत दाखवलं.

पण हे औषध द्यायचं तर आधी जीन तपासावी लागते. समजा, कळमनुरीतल्या एखाद्या आईने तपासली आणि दोष आनुवंशिक निघाला. मग तो तिच्या प्रत्येक मुलामुलीत असण्याची शक्यता पन्नास टक्के. इकडे मुलीसाठी स्थळं बघणं चालू. घरचे म्हणणार, कुणाला बोलू नका. त्यांची भीती खोटी नाही. मुलगाही हा दोष पुढे नेऊ शकतो, पण त्याची काळजी कुणी करत नाही.

तरी मला वाटतं, मुलीला सांगायलाच हवं. वेळेवर तपासण्या सुरू झाल्या तर तिचा जीव वाचू शकतो. स्थळाला काय सांगायचं ते तिचं ती ठरवेल. गुपित ठेवायचंच असेल, तर तिला सोबत घेऊन ठेवा.